१८०४ चा सेंट आणि खोटं करणाऱ्यानं हात न लावलेली बाजू

पार्श्वभूमी

प्रकरण न्यू जर्सीतलं आहे. माणसं ओळखीची आहेत म्हणून नावं गाळलीयत, ज्यांचं नाणं त्यांना नुसतं काका म्हणते. मूळचे नाशिकचे, पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर, आता मुलाकडे असतात. खोटी नोट कशी ओळखायची ह्याचं ट्रेनिंग झालेला माणूस, नुसत्या बोटाला कळायचं म्हणतात, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे त्यावरून काकूंनी त्यांना बरंच ऐकवलं.

नाद लागला तो नातवामुळे. त्याला फिलाडेल्फियाची टांकसाळ दाखवायला नेलं, तिथे काकांनी पहिल्यांदा मोठा सेंट (अमेरिकेचं जुनं एक सेंटचं नाणं) बघितला आणि ओरडलेच, अरे हा तर आपला ढब्बू पैसा! खरंच तसाच आहे, तांब्याचा, साधारण २९ मिलिमीटर, हातात घेतला की वजन कळतं. १७९३ ते १८५७ एवढी वर्षं ही नाणी पाडली, मध्ये फक्त १८१५ सालाचं एकही नाही. काकांनी ठरवलं दरवर्षाचं एक गोळा करायचं. स्वस्तातली वर्षं पटापट झाली आणि मग जिथे सगळे अडकतात तिथेच तेही अडकले, १७९३, १७९९ आणि १८०४.

आता थोडं डायबद्दल, म्हणजे नाणं ज्यानं पाडतात त्या पोलादी ठशाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी टांकसाळीत डाय बनवताना पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीचं (स्वातंत्र्याचं बाईच्या रूपातलं चित्र) डोकं एका तयार पंचनं, म्हणजे आकार कोरलेल्या पोलादी खिळ्यानं, ठोकायचे, पण भोवतीची अक्षरं आणि साल हे सगळं कारागीर एकेक पंच धरून हातानं ठोकायचा. मग कुठे अक्षर तिरकं पडायचं, कुठे दोन आकड्यांत जास्त जागा राहायची, कुठे मागच्या बाजूवरच्या पानांच्या हाराची देठंच करायची राहून जायची. १८०१ ची एक डाय आहे तिच्यात तीन चुका आहेत, युनायटेडमधल्या यू च्या जागी दोन आय पडलेत, हाराचं एक देठ गायब आणि खालच्या १/१०० ह्या अपूर्णांकात शंभराऐवजी तीन शून्यं, म्हणजे एक भागिले काहीच नाही! पोलादही बेताचंच होतं, डाय तडकायची, मग नवीन करायची, आणि नवीन डाय कधीच हुबेहूब जुन्यासारखी नसायची. म्हणून एकाच सालाच्या नाण्यांचे भरपूर प्रकार झाले. ज्यांनी शिवराया चाळल्यात त्यांना हे नवीन नाही, एकीवरचं छत्रपति दुसरीशी जुळत नाही, तोच प्रकार.

ह्या प्रकारांना आज जे नंबर वापरतात ते विल्यम शेल्डनचे, १९४९ साली त्याने १७९३ ते १८१४ पर्यंतच्या सेंटांना १ ते २९५ असे दिले (जे फारच थोडे सापडलेत त्यांना वेगळे एनसी, म्हणजे नॉन-कलेक्टिबल, नंबर). १७९४ चे एकट्याचे १७ ते ७२. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या डॉ. एडवर्ड मॅरिस ह्यांनी ह्याच १७९४ च्या प्रकारांना नावं दिली होती, दुहेरी हनुवटी, पडलेला ४, प्रेमळ चेहरा वगैरे. काकांना ही नावं इतकी आवडली की त्यांनी बिल्डिंगमधल्या लोकांना पण वाटून टाकली.

१८०३ ला एस-२४३ ते एस-२६५ (एस म्हणजे शेल्डन), तेवीस प्रकार. आणि १८०४ ला एकच, एस-२६६. पुढची एक डाय, मागची एक डाय, संपलं. १८०४ मध्ये टांकसाळीतून सेंट बरेच गेले पण त्यातल्या बहुतेकांवर साल १८०३ चंच होतं, जुनी डाय धड असेल तर कोण फेकतंय. १८०४ साल असलेली साधारण ९६,५०० असा अंदाज छापतात. तसं बघितलं तर हे काही अतिदुर्मीळ नाणं नाही, एस नंबरांत ह्याहून कितीतरी अवघड प्रकार आहेत, पण वर्षांची ओळ लावणाऱ्या प्रत्येकाला ते लागतंच आणि म्हणून ते महाग. आणि महाग म्हणून खोटं करण्याच्या लायकीचं.

अडचण

एका शनिवारी काका एका नाण्यांच्या प्रदर्शनात गेले, रात्री साडेदहाला मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आणि खाली "मिळालं गं!!" एवढंच. काळपट, झिजलेला सेंट, जागोजागी खडबडीत, पण १८०४ स्पष्ट दिसतंय. अकराशे डॉलर दिले होते. विकणारा म्हणाला होता की पृष्ठभाग खराब आहे म्हणून ह्या भावात देतोय. चौदा दिवसांत परत घेईन असं पावतीवर लिहून दिलेलं.

मी काय केलं तर लाल रंगाचं जे गाईडबुक सगळ्यांकडे असतं ते उघडलं, त्यात १८०४ च्या खाली तीन गोष्टी दिल्यात. ४ ला आडव्या रेषेच्या टोकाला छोटी उभी रेघ पाहिजे. मागचा अपूर्णांक मोठ्या आकड्यांचा पाहिजे. आणि सालातलं शून्य मागच्या बाजूच्या 'युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' मधल्या ऑफच्या ओ च्या पाठीला पाठ लावून यायला पाहिजे. पहिली बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी फोटोवरून कळणं शक्यच नव्हतं कारण दोन बाजूंचे दोन वेगळे फोटो आणि दोन्ही वेगवेगळे फिरवलेले. मी लिहिलं, "अभिनंदन काका, असली वाटतंय!" आणि झोपले.

ह्या प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती माझी. तीनातल्या दोन बरोबर म्हणजे पास असा हिशोब मी दहावीच्या पेपरसारखा लावला.

पाच दिवसांनी, गुरुवारी, काका नाणं घेऊन घरी आले, पेढे पण होते. मी सहज म्हणून ती तिसरी परीक्षा केली. अंगठ्याचं टोक सालातल्या शून्यावर ठेवायचं, तर्जनी बरोबर त्याच्या मागे, नाणं चिमटीत धरायचं आणि तसंच उलटं करून बघायचं की तर्जनी कुठे टेकलीय. ती ओ वर टेकायला हवी. टेकली होती स्टेट्सच्या शेवटच्या एस वर. परत केलं. काकांनी केलं. परत एस.

काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाय फिरलेली असेल ना? तूच सांगितलं होतंस की कधीकधी वरची खालची डाय सरळ बसवलेली नसायची."

आणि मुद्दा चूक नव्हता! त्या काळच्या नाण्यांत डाय थोडी फिरून बसलेली सर्रास सापडते, आणि तसं असेल तर शून्य आणि ओ ची जोडी सुटणारच. म्हणजे ही परीक्षा नापास झाली म्हणून नाणं खोटं असं छातीठोक म्हणता येईना, आणि खरं म्हणायची हिंमत तर आता गेलीच होती. हातात नऊ दिवस.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय, ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्यांकडे, पाठवायचं. ते बघतील, खरं असेल तर डबीत सील करून देतील. पण जाऊन येऊन कित्येक आठवडे लागणार, तोपर्यंत चौदा दिवस कधीच उलटलेले, आणि फी, विमा, टपाल असं सगळं धरून नाकापेक्षा मोती जड. काकांच्या मुलाचा ह्यालाच आग्रह होता, म्हणे तज्ज्ञांना ठरवू दे. त्याचं तत्त्व बरोबर होतं, कॅलेंडर चूक होतं.

दुसरा, काही न बोलता लगेच परत करायचं. पावतीत कारण द्यावं लागेल असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटत होतं, अजूनही थोडं वाटतं. काकांना नको होतं. समजा खरं निघालं तर? अकराशेत परत मिळणार आहे का १८०४? आणि दुसरं म्हणजे, जे ते तोंडानं बोलले नाहीत, पस्तीस वर्षं कॅशियर राहिलेल्या माणसाला "मला कळलं नाही" म्हणून वस्तू परत करायला जाणं जड जात होतं.

तिसरा पर्याय काकांनी स्वतः काढला आणि तो ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणाले, वरचा काळा थर काढून बघू, देवघरातली भांडी आपण चिंचेनंच लखलखीत करतो ना, खाली ४ खोदलेला आहे का ते दिसेल. मी जवळजवळ किंचाळले. जुन्या तांब्याचा वरचा थर हीच त्याची अब्रू, एकदा घासला की नाणं खरं असलं तरी अर्ध्या किमतीचं. आणि स्वच्छ करून बदललेलं नाणं विकणारा परत का घेईल? नशीब हे की काका मुळात सावध गृहस्थ, त्यांनी आधी एका दहा डॉलरच्या १८५१ च्या सेंटवर प्रयोग करून बघितला होता. खिशातून काढून दाखवला. नवीन पितळी कडीसारखा केशरी पिवळा झाला होता बिचारा. चिंच रद्द.

चौथा, आपणच डाय ओळखायची. सालाकडे बघायचंच नाही, नाण्याचा बाकीचा भाग कुठल्या डायचा आहे ते शोधायचं. वेळ लागेल पण दिवसांत, आठवड्यांत नाही, आणि नाण्याला धक्का लागणार नाही. ठरलं असं की रविवारपर्यंत आपण बघायचं, उत्तर मिळो न मिळो, नंतरच्या शुक्रवारी विकणाऱ्याला फोन करायचाच. ही तारीख आधी ठरवून टाकली ते फार बरं झालं, नाहीतर अजून एक दिवस, अजून एक दिवस करत मुदत गेली असती.

काय केलं

सगळ्यात आधी वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, दशांशातल्या काट्यावर, १०.२ ग्रॅम. ह्यानं काय कळलं? काहीच नाही, आणि हे कळणं पण कामाचं होतं. १७९५ च्या शेवटी सेंटचं वजन कमी करून १०.८९ ग्रॅम केलं आणि १८५७ पर्यंत तेच चाललं, त्यामुळे १८०३ काय आणि १८०४ काय, सारखंच भरणार, झिजल्यावर थोडं कमी. वजनानं ओतीव नक्कल पकडता येते. सालातला आकडा बदललेला असला तर काटा बिचारा काय सांगणार, तांबं तर टांकसाळीचंच आहे.

मग ४. दहा पट भिंग आणि टेबल लॅम्प, पण दिवा वरून नाही, जवळजवळ टेबलाला टेकवून, म्हणजे प्रकाश नाण्यावरून सरपटत जाईल. काकांनी खोलीतले बाकीचे दिवे घालवले. नाणं हळूहळू फिरवलं की सावल्या फिरतात आणि जिथे काही केलेलं असतं तिथे सावली अडखळते. १, ८ आणि ० ह्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या, मेणासारख्या. ४ ची कड मात्र धारदार. चारही आकडे एकाच खिशात, एकाच गल्ल्यात घासले गेलेत, मग एकालाच कसं काही झालं नाही? शिवाय ४ च्या भोवतीची जमीन किंचित खोलगट आणि जरा जास्तच गुळगुळीत, बाकीच्या खडबडीत पृष्ठभागात ते तेवढंच डबकं. काकांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "नोटेवर नंबर बदलतात तेव्हा असंच दिसतं, कागद तिथे पातळ होतो." पुढे जरा थांबून, "हे मी शनिवारी बघायला पाहिजे होतं."

पण तरी हा संशय होता, पुरावा नव्हता. गंजलेल्या तांब्यात खोलगट जागा आपोआपही होते, आणि कुणीतरी खऱ्याच पुसट ४ ला उठाव दिला असणंही अशक्य नाही. विकणारा हेच म्हणणार.

इथे खरा निर्णय झाला. मी काकांना म्हटलं, पुढची बाजू विसरून जाऊ. खोटं करणाऱ्यानं सगळी कारागिरी एका आकड्यावर केलीय, मागच्या बाजूला त्यानं हातही लावलेला नसणार, लावून करणार काय? मागे साल नसतंच. १८०४ ची मागची डाय एकच आहे. एका डायच्या आत पानाचं टोक ज्या अक्षराकडे बघतंय ते त्याच अक्षराकडे बघणार, डाय प्रेसमध्ये कितीही फिरून बसू दे, नाणं कितीही झिजू दे. म्हणजे आपल्या नाण्याची मागची बाजू खऱ्या १८०४ शी जुळली नाही तर विषय संपला, त्यात डाय फिरण्याचा मुद्दाच येत नाही.

लिलावांचे जुने फोटो इंटरनेटवर भरपूर मिळतात. खऱ्या १८०४ चे दोन घेतले, एक बऱ्यापैकी चांगलं आणि एक आपल्याएवढंच झिजलेलं. दोन घेण्याची आयडिया काकांची, आणि तीच शेवटी कामी आली. आपल्या नाण्याचा फोटो मी कॅमेरा बरोबर वर धरून काढला, थोडा जरी कलला तर गोल लांबट होतो आणि सगळी मापं चुकतात, तीन वेळा परत काढावा लागला. मग तिन्ही फोटो एकाच व्यासाचे करून छापले, आपलं कागदावर आणि खरी दोन्ही पारदर्शक शीटवर. शीटवर शीट ठेवायची, खिडकीच्या काचेला लावायची आणि सरकवत बसायचं.

आधी दोन्ही खरी एकमेकांवर ठेवली. एक झिजलेलं, एक चांगलं, फोटो काढणारे वेगळे, तरी पानं, फळं, अक्षरं, अपूर्णांक, रिबिनीची टोकं सगळं एकावर एक बसलं. मग आपल्यावर खरं ठेवलं. हाराची पानं जुळवली की बाहेरची अक्षरं सरकलेली. अक्षरं जुळवली की खालचा अपूर्णांक बाजूला गेलेला. काका शीट डावीकडे घेत होते, उजवीकडे घेत होते, तिरपी करत होते, जसं काही नीट बसवली तर जुळेलच. काकू चहा ठेवून गेल्या, तो तसाच राहिला. शेवटी त्यांनी शीट काढली, खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "नाहीच हे."

तेव्हा माझ्या मनात आलं की इथे थांबावं. खोटं आहे एवढं कळलं, फोन करायला तेवढं पुरे. पण काकांना थांबायचं नव्हतं, मग हे मूळचं आहे काय? आणि ते बरोबर होते, कारण "तुमचं १८०४ नाही" म्हणणं आणि "तुमचं हे अमुक नंबरचं १८०३ आहे, हा बघा जोडीदार" म्हणणं ह्यात फरक आहे. पहिल्यावर वाद होतो.

सालातले १, ८, ० लहान आकड्यांचे, मागचा अपूर्णांक मोठा. १८०३ मध्ये लहान साल आणि मोठा अपूर्णांक असा एक ठरलेला गट आहे, त्यामुळे तेवीसातले बरेच एकदम गळाले. लहान अपूर्णांकवाले गेले, देठ नसलेला एस-२४३ गेला, तीन शून्यांवर शंभर दुरुस्त केलेला एस-२४९ गेला, मोठ्या सालाचे एस-२६४ आणि एस-२६५ गेले. उरलेल्यांचे फोटो एकेक करून खिडकीला. इथे सांगण्यासारखं फार नाही, कंटाळवाणं काम आहे, मटार सोलण्यासारखं. रात्री पावणेबारा वाजता एक शीट ठेवली आणि ती बसली. पानं, अक्षरं, अपूर्णांक, सगळं. एस-२५८. हाराजवळचा एक खडबडीत डाग सोडला तर जणू आपल्याच नाण्याचा फोटो. मग पुढची बाजू पण लावून बघितली, केस आणि लिबर्टीची अक्षरं जुळली, १, ८, ० जुळले, फक्त चौथा आकडा एकट्यानंच वेगळा.

मला खात्री होती पण माझ्या खात्रीचा शनिवारी काय भाव निघाला ते माहीत होतं. म्हणून सोमवारी अर्ली अमेरिकन कॉपर्स ह्या क्लबातल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या सभासदांना नाणं दाखवायला नेलं. १९६७ पासूनचा क्लब आहे, ह्या तांब्याच्या नाण्यांवर जीव टाकणारी माणसं. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही. नाणं उलटं टेबलावर ठेवलं, भिंग लावलं, आणि दोन मिनिटांच्या आत एस-२५८ म्हणाले. मग सरळ केलं, ४ बघितला आणि हसले. आमची सगळी शीटा-खिडकीची कथा ऐकून म्हणाले, उत्तम, फक्त सुरुवात चुकीच्या बाजूनं केलीत.

त्यांनीच शेल्डनची गोष्ट काकांना सांगितली. ज्याचे नंबर सगळे वापरतात त्या शेल्डननं न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याच प्रकारची हलक्या दर्जाची ठेवली होती, हे त्याच्यामागे उघड झालं, आणि जुन्या फोटोंशी नाणी ताडून बघितली तेव्हा ते सिद्ध झालं. काका परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, "तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्यावरच लक्ष ठेवायचं असतं."

निकाल

शुक्रवारी फोन झाला, शनिवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी, काका आणि मी विकणाऱ्याकडे गेलो. काका आधी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, नाण्याचा पृष्ठभाग, काकूंची नाराजी, हवामान. मी कोपरानं ढोसलं तेव्हा शीटा बाहेर आल्या.

विकणाऱ्यानं आधी तेच म्हटलं जे काका म्हणाले होते, डाय फिरलेली असेल. आम्ही खरं १८०४ त्याच्या हातानं आमच्या फोटोवर ठेवायला दिलं. मग एस-२५८ चं दिलं. तो बराच वेळ बघत होता. रागावला नाही, उलट चेहरा पडला, हे नाणं त्याच्याकडे एका घरातल्या जुन्या संग्रहाबरोबर आलं होतं, म्हणजे तोही गंडलेला. पूर्ण पैसे परत दिले.

इथे अजून एक निर्णय झाला ज्याचा आम्ही आधी विचारच केला नव्हता. नाणं त्याच्याकडे सोडलं तर ते जाणार कुठे? उद्या दुसऱ्या कुणी काका ते घेणार. काकांनी विचारलं, हे असंच विकत द्याल का, आहे ते नाव लिहून? वीस डॉलरला सौदा झाला. विकणाऱ्यानं आपल्या हातानं पुठ्ठ्यावर १८०३, एस-२५८, साल बदललेलं, असं लिहून दिलं, आणि काकांनी त्याखाली मराठीत "४ मागाहून केलेला" लिहिलं. एस-२५८ हा १८०३ मधल्या सहज मिळणाऱ्या प्रकारांपैकी, धड असता तरी काही मोठा घबाड नव्हता. काकूंच्या हिशोबात हे नाणं वीस डॉलर, पेट्रोल आणि पाव किलो पेढ्यांना पडलं.

वेगळं काय करता आलं असतं

मी "अभिनंदन" लिहायला नको होतं, हे तर आहेच. फोटोवरून मत द्यायचं असेल तर मागच्या बाजूवरूनच द्यायचं, आणि मागच्या बाजूचा फोटो सरळ नसेल तर मत द्यायचंच नाही. चौदातले पाच दिवस माझ्या त्या एका मेसेजमुळे गेले. काकांनी त्या पाच दिवसांत नाणं चार जणांना दाखवलं होतं, आणि प्रत्येकाला "तिनं पण बघितलंय" असं सांगून.

गाईडबुकातल्या त्या तीन खुणांबद्दल माझं मत आता बदललंय. मोठा अपूर्णांक ही खूण १८०३ च्या कितीतरी नाण्यांत आहे, ती जुळणं म्हणजे फार काही जुळणं नाही. ४ ची रेघ तर खोटं करणाऱ्यानंही त्याच पुस्तकात वाचलेली असते! शून्य आणि ओ ची परीक्षा चांगली आहे, घरच्या घरी दहा सेकंदांत होते, पण तिच्यावर एकटीवर निकाल देता येत नाही, दोन्ही बाजूंनी. फिरलेल्या डायचं खरं नाणं तिच्यात नापास होऊ शकतं आणि एखादं खोटं नशिबानं पास. अजून एक सापळा आम्हाला लागला नाही पण सांगते. १८६० च्या आसपास कुणीतरी खाजगीत जुन्या टाकून दिलेल्या डाय वापरून १८०४ चे सेंट पाडले, पुढची १८०३ ची डाय बदलून केलेली आणि मागची चक्क १८२० ची. त्यांच्यात ४ नंतर कोरलेला नाही, सालाभोवती खोलगट डबकं नाही, सरपटता दिवा लावून काही सापडणार नाही. तिथेही मागची बाजूच बोलते, १८२० चा हार आणि १८०४ चा हार दुरूनही वेगळा दिसतो.

परत करायला आम्ही चौदाव्या दिवसापर्यंत थांबलो हे मला अजून खटकतं. सोमवारीच उत्तर पक्कं झालं होतं, शुक्रवारची तारीख ठरलीय म्हणून शुक्रवारपर्यंत बसलो, हा शुद्ध मूर्खपणा. शनिवारी त्याची गाडी बंद पडली असती तर? काकांचं म्हणणं वेगळं आहे, त्यांच्या मते ते चार दिवस त्यांना काय बोलायचं ते जुळवायला लागले. असू शकेल.

आणि १८५१ चा तो चिंचेचा सेंट. त्याला आता कुणी घेणार नाही, पण काका तो टाकत नाहीत, कुणी नवीन माणूस तांब्याची नाणी दाखवायला आला की आधी तो हातात देतात.

१८०४ ची जागा रिकामीच आहे. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला परत मेसेज आला, फक्त मागच्या बाजूचा फोटो, बरोबर वरून काढलेला, गोल अगदी गोल. खाली लिहिलंय, "पुढची बाजू तू मागितल्याशिवाय पाठवणार नाही." अजून शीट छापायचीय, आज जेवणं झाली की बसते.